काय खाल्ल्यान?

गावातून पशुवैद्यकाला जाणाऱ्या फोनचा मजकूर फारसा बदलत नाही. गाय कालपासून रवंथ करणा नाय. म्हशीची डावी कूस ढोलासारखी फुगली आहे. बकरी सकाळी बरी होती, दुपारी आडवी झाली. डॉक्टर ऐकून घेतो आणि एकच विचारतो, खाल्लं काय? तिथे पलीकडचा आवाज थबकतो. ‘काय खाल्ल्यान ता म्हायत नाय.’

हे ‘म्हायत नाय’ मला विषापेक्षा जास्त काळजीचे वाटते. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट बिघडले की बाहेरून दिसणारी लक्षणे जवळपास सारखीच असतात. चारा सुटतो, रवंथ थांबते, पोट फुगते, जनावर बसते ते उठत नाही. पण कारणाप्रमाणे उपचार उलटा होतो. भात किंवा दाणे भरमसाट खाऊन कोठीपोट आंबले असेल तर ते आम्ल मारायला खाण्याचा सोडा लागतो. युरिया पोटात गेला असेल तर नेमके त्याच्या उलट, व्हिनेगरसारखे आम्ल द्यावे लागते. इथे अदलाबदल झाली तर औषधच घात करते. म्हणून डॉक्टरचा तो प्रश्न गप्पांतला नसतो, निदानाची सुरुवातच तिथे असते.

धामापूर मालवण आणि कुडाळ यांच्या मधल्या वाटेवर आहे. बाहेरच्या माणसाला ते तलावामुळे ठाऊक असते. विजयनगरच्या राजाचा मांडलिक नागेश देसाई याने १५३० साली डोंगरांच्या बेचक्यात बांध घालून अडवलेले पाणी, काठावर भगवतीचे देऊळ, आणि २०२० साली मिळालेला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान. त्या पाण्यावर खाली भात आणि माड-पोफळी, वर डोंगराच्या अंगाला काजू, मध्ये गडगे, पाणंदी, परडी. पाहणाऱ्याला सगळे हिरवेच दिसते. त्या हिरव्यात गुरांनी काय खावे आणि कशाला तोंड लावू नये, याचे ज्ञान तलावाइतकेच जुने असेल. पण त्याचा बांध कोणी घातला नाही. ते गुराख्यांच्या डोक्यात होते.

गुराखी आता राहिला नाही. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. गुरांमागे फिरणारी पोरे शाळेत गेली, त्यांची मुले मुंबई-गोव्याला नोकरीला लागली, हे चांगलेच झाले. भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची कोकणातली रीत मात्र मागे उरली. पूर्वी ती मोकळी असत तेव्हाही कोणाची तरी नजर त्यांच्यावर असे. ‘तांबडी आज गडग्यावरचा पाला ओढत होती’ एवढे एक वाक्य संध्याकाळी घरी पोहोचत असे. आता गाय संध्याकाळी येते किंवा येत नाही, आणि दिवसभराचा तिचा हिशेब कोणाकडेच नसतो.

जनावराला उपजत कळते, ते विषारी पाल्याला तोंड लावत नाही, असे आपण समाधानाने म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी शेळ्या-मेंढ्यांवर अनेक वर्षे काम करून दाखवले, की यातले बरेचसे शहाणपण उपजत नसते, शिकलेले असते. कोकरू आईच्या तोंडाशी तोंड लावून काय खायचे ते शिकते. अनोळखी पाला आधी थोडासा खाते, पोटात बिघडले तर तो पुन्हा टाळते. मग हे शहाणपण कुठे हरते तेही उघड आहे. विष सावकाश चढणारे असेल, आज खाल्ले आणि तीन दिवसांनी भोवले, तर चव आणि दुखणे यांचा संबंध त्याला लागत नाही. पोट रिकामे असेल तर चोखंदळपणा उरत नाही. आपणच विळ्याने कापून, कुट्टी करून, चांगल्या चाऱ्यात मिसळून घातले तर निवडायला जागाच राहत नाही. आणि जनावर परमुलखातले असेल तर आईने शिकवलेले धडे इथे लागू पडत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा सिंधुदुर्गात विशेष महत्त्वाचा आहे. इथली गाय म्हणजे कोकण कपिला. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. लहान चणीची, कमी दुधाची, पण या कातळावर आणि या पावसात वाढलेली. दुधासाठी आपण घाटावरून संकरित गाय आणतो, मुऱ्हा म्हैस आणतो. कर्जाचे कागद होतात, विमा होतो, कानात बिल्ला लागतो. पण जिने जन्मात गव्हाण सोडली नाही ती गाय मे महिन्यात सड्यावर सोडली तर तिला काय माहीत? त्या दिवसांत सड्यावर हिरवी दिसते ती बहुधा घाणेरी.

घाणेरी हे परदेशी झुडूप. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या बागेत आली आणि देशभर माजली. तिच्या विषबाधेवर इथे जरा थांबतो, कारण ती आपल्याला हमखास चकवते. तिच्या पानांतले लॅन्टाडीन नावाचे द्रव्य यकृतावर घाव घालते आणि पित्ताचा प्रवाह अडतो. गवतातल्या हिरव्या रंगद्रव्यापासून पोटात एक पदार्थ तयार होत असतो. निरोगी जनावर तो पित्तावाटे बाहेर टाकते. पित्त अडले की तो रक्तात साचतो, कातडीत पोहोचतो, आणि वर ऊन पडले की कातडी भाजून निघते. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही) की काळ्या-पांढऱ्या गायीचे फक्त पांढरे पट्टे सोलवटतात, काळे शाबूत राहतात. मालकाला वाटते, कातडीचा रोग झाला. मग हळद-तेल, मलम, कोणी सांगितलेली धुरी. दुखणे यकृतात असते आणि उपचार पाठीवर चालू असतो. डोळे पिवळे झाले आहेत, शेण घट्ट झाले आहे, याकडे लक्ष जाईपर्यंत आठवडा गेलेला असतो. त्यात आणखी एक मेख आहे. या विषाने कोठीपोटाची हालचाल थंडावते. त्यामुळे खाल्लेला पाला पोटातच पडून राहतो आणि विष झिरपत राहते. गाय घाणेरीपासून दूर नेली तरी घाणेरी गायीच्या पोटात असतेच. जनावर सावलीत, खरे तर अंधाऱ्या गोठ्यात बांधायचे आणि ते पोट रिकामे कसे होईल किंवा त्यातले विष कोळशाच्या औषधी भुकटीने कसे धरून ठेवता येईल, हे डॉक्टरवर सोपवायचे. मलमाचा नंबर त्यानंतर.

कण्हेरीचे विष याच्या अगदी उलट, ते झटपट काम करते. ते थेट हृदयावर जाते, आणि मोठ्या जनावरालाही मूठभर वाळकी पाने पुरतात. बरेच विषारी पाले वाळल्यावर सौम्य होतात. कण्हेर होत नाही. अंगणातली कण्हेर छाटून फांद्या गडग्यापलीकडे फेकणाऱ्याच्या हे गावीही नसते. तीच गत चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या माटवीची. कळलावीची ती आगीच्या ज्वाळेसारखी फुले बाप्पाच्या डोक्यावर शोभतात, पण त्या वेलात, आणि विशेषतः त्याच्या कंदात, कोल्चिसीन हे जहाल द्रव्य असते. विसर्जनानंतर माटवी सोडली की तो पाला गुरांच्या वाटेत पडता कामा नये.

आता घरातल्या विषाकडे येतो, कारण मला भीती रानापेक्षा पडवीची जास्त आहे.

मराठीत ‘पेंड’ हा एकच शब्द. शेंगदाण्याची पेंड, सरकीची पेंड, खोबऱ्याची पेंड गुरांना घालतात. एरंडीची पेंड, निंबोळीची पेंड माडा-पोफळींच्या आळ्यात घालतात. पोते तसेच, रंग जवळपास तसाच, ठेवायची जागा पडवीचा तोच कोपरा. एरंडीच्या बीतले रायसिन तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते, आणि उष्णता देऊन ते नीट मारलेले नसेल तर त्या पेंडीत शाबूत असते. खाल्ल्यावर काही तास, कधी दिवसभर, काहीच दिसत नाही. मग रक्ताळ हगवण सुरू होते. त्यावर उतारा नाही. एरंड पेंड आळ्यात घालून त्यावर माती ओढली नाही, आणि बागेचे बेडे रात्री उघडे राहिले, एवढेच या अपघाताला पुरते. आपल्या भाषेने दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव दिले आहे. निदान एरंडी-निंबोळीच्या पोत्यांवर तरी कोळशाने मोठी फुली मारावी आणि ती दुसऱ्या खोपीत ठेवावीत.

आणि भात. कोकणात हे सांगणे अवघड जाते, कारण गायीला अन्न घालण्यात कोणाला गैर काही दिसत नाही. म्हाळ झाला, लग्न झाले, देवळात समाराधना झाली, की उरलेल्या भाताचे टोप गोठ्यात जातात. गाय आवडीने खाते, माणसाला बरे वाटते. त्या पोटात पुढे काय होते ते पाहा. मोठ्या गायीचे कोठीपोट शंभर लिटरहून मोठे असते, आणि त्यात पेंढा-गवत पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती असते. त्या वस्तीला सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो. पेंढ्यावर जगणाऱ्या गायीच्या पोटात एकदम पिठूळ अन्नाचा ढीग पडला की पिठावर झडप घालणारे जिवाणू काही तासांत माजतात, लॅक्टिक आम्ल बनवतात, सामू साडेपाचच्या, मग पाचच्याही खाली घसरतो, आणि मूळ वस्ती मरून जाते. आंबलेल्या पोटात अंगातले पाणी ओढले जाते. म्हणून पोट पाण्याने डुबडुबते आणि डोळे मात्र खोल जातात. जनावर आतल्या आत कोरडे पडते. आंबट वासाचे पातळ शेण, डुलणारी चाल, मग बसणे. वाचले तरी पुढे खूर बिघडू शकतात. खळ्यावर भाताच्या राशीत तोंड घातलेल्या रेड्याचे हेच होते. घास म्हणून मूठभर भात द्यायला कोणाची हरकत नाही. टोप ओतायला आहे.

मार्च ते मे या दिवसांत हाच प्रकार काजूची बोंडे आणि फणस करतात. झाडाखाली बोंडांचा सडा पडतो, त्यातला गोड रस आंबू लागतो, मोकळी गुरे पोटभर खातात. बरका फणस फुटून पडला की गऱ्यांसकट फस्त. चारखंडे थोडी-थोडी घालणे वेगळे आणि चार फणस एका सकाळी गिळणे वेगळे. बी गोळा करून बोंडे तिथेच टाकायची सवय आपली आहे, गुरांची नव्हे.

मिरगानंतरच्या कोवळ्या गवताबद्दल थोडक्यात सांगतो. आठ महिने वाळक्यावर असलेले पोट पहिल्याच आठवड्यात लुसलुशीत हिरव्यावर सोडले तर फुगारा आणि पातळ शेण ठरलेले. सकाळी आधी पेंढा घालून मग सोडावे, आणि तेही पहिले आठ-दहा दिवस थोडा वेळ. शेळ्यांमध्ये याच दिवसांत आंत्रविषार येतो. आतड्यात एरवी गप्प असणारा जिवाणू भरपेट कोवळ्या चाऱ्यावर माजतो आणि विष सोडतो. कळपातले सगळ्यात धष्टपुष्ट, सगळ्यात खादाड करडूच सकाळी मेलेले सापडते. घरातले म्हणतात, पान लागलां असात. साप रात्री येऊन नेमके तगडेच करडू का निवडेल, हा प्रश्न कोणी विचारत नाही. या रोगावर पुण्याच्या औंध येथील शासकीय संस्थेत लस बनते आणि ती पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते.

अचानक मेलेल्या जनावराभोवती संशय जमणे जुनेच आहे. त्याला एकेकाळी आधारही होता. ब्रिटिश काळात कातड्यासाठी गुरे मारण्याचे गुन्हे होत. गुंजेच्या बिया वाटून त्याच्या टोकदार सुया करत आणि जनावराच्या अंगात खुपसत. न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत या सुयांना ‘सुतारी’ हे नाव आढळते. आज मात्र शेजाऱ्याने विष घातले, कोणी करणी केली, असा संशय आधी येतो आणि मेलेल्या गायीच्या पोटात काय आहे हे पाहणे राहूनच जाते. भांडण वर्षभर चालते, पुरावा दोन तासांत खड्ड्यात पुरला जातो. एक अपवाद सांगायलाच हवा. नाकातोंडातून काळपट रक्त आलेले असेल तर ते मढे कोणीही फाडू नये, हातही लावू नये. ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, आणि ती माणसालाही होते.

आणखी एक विष असे, की जे फक्त गुरे पाळणाऱ्याचे राहत नाही. ऑक्टोबरात कापणीच्या ऐन वेळी पाऊस येतो. भिजलेला पेंढा पुरता न वाळवता उडवीत रचला जातो आणि पौषात आतून काळी-करडी बुरशी निघते. वरचे चांगले म्हशीला, आतले ‘तिलाच जरा मिसळून’. बुरसट पेंढ्याने शेपटीचे टोक, कानाच्या कडा, खुरांवरची कातडी सडत जाण्याचा रोग भाताच्या मुलखात म्हशींना होतो. डेगनाला हे त्याचे नाव, आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या डेग नाल्यावरून पडलेले. पेंडीला धरणारी बुरशी वेगळी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला आणि अफ्लाटॉक्सिन सापडले. गाय ते खाते तेव्हा ती बहुधा मरत नाही. तिचे यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि उरलेला अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के, हा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने त्यात केवळ १२ होते. आपण दुधातल्या पाण्यावर चर्चा करत राहतो.

उन्हाळी हिरव्या चाऱ्यासाठी पाण्याखाली ज्वारी, मका, संकरित नेपिअर लावण्याचा सल्ला योग्य आहे. पण तो अर्धवट दिला जातो. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत असे द्रव्य असते, की ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटते. इटलीच्या पिडमाँट भागात ऑगस्ट २०२२ मध्ये, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, कोवळ्या ज्वारीत शिरलेल्या एका कळपातली सुमारे ५० जनावरे मेली. त्यांच्याकडे शास्त्र कमी नव्हते. युरिया भरपूर टाकलेल्या चाऱ्यात नायट्रेट साचते, तो धोका वेगळा. आणि ज्वारी नीट वाळवल्यावर सायनाइडचा धोका जसा सौम्य होतो तसा हा वाळवूनही जात नाही. पहिल्यात रक्त लालभडक दिसते, दुसऱ्यात चॉकलेटी तपकिरी. दोन्हींवर उतारा आहे, पण सायनाइड इतका वेळच देत नाही. मालवण किंवा कुडाळहून गाडी निघून वाडीवर पोहोचेपर्यंत सगळे संपलेले असते.

इतके सगळे असून गावात यावर मोहीम कधी निघत नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यभर लसीकरण झाले, ते व्हायलाच हवे होते. साथ आली की सरकार जागे होते, कारण साथ मोजता येते. विषबाधा एकेक गाय नेते. आज या वाडीत, दोन महिन्यांनी पलीकडच्या. तिला लस नाही, म्हणून तिचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर लागत नाही. अनुदानाच्या योजनेत गाय मिळते. त्या गायीला इथले काय चालत नाही, हा कागद सोबत मिळत नाही.

तो कागद गावाला स्वतः करता येईल. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बहुतेक नोंदवह्यांत झाडांची नावे आणि औषधी उपयोग भरलेले असतात. त्यातच एक रकाना वाढवावा: गुरे हे खातात का, कोणत्या महिन्यात, कोणत्या स्थितीत, खाल्ले तर काय होते. ज्यांनी लहानपणी गुरे राखली ते पुरुष आणि ज्यांनी गोठा सांभाळला त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या अंगणात बसून हे विचारायला शाळेतली मुले पुरतील. उशीर झाला तर विचारायला कोणी उरणार नाही.

जनावर फुगलेले दिसले तर त्याच्या घशात बांबूच्या नळकांड्याने तेल ओतू नका. गिळण्याची ताकद नसेल तर ते फुफ्फुसात जाते आणि मग जनावर पोटाने न मरता त्या तेलाने मरते. मान वर राहील असे बसवा, सावलीत आणा, समोरचा चारा काढून घ्या. तोंडात पाल्याचा तुकडा असेल तर तो पिशवीत घाला. ज्या जागी चरत होते तिथली फांदी तोडून आणा, पेंडीच्या पोत्याची चिठ्ठी काढून ठेवा, काल रात्री गोठ्यात काय काय टाकले ते घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, न रागावता विचारा. मग १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. तिकडून पहिला प्रश्न तोच येणार आहे.